आत्याला आलेला ताप

नोकरी सोडल्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत होते. ऐकणारा एकच, माझा तीन वर्षांचा मुलगा, आणि तो ऐकत होता की नाही हे देवच जाणे. "आता आपण कोथिंबीर निवडतोय. ही जून काडी, ही टाकायची. हे पान, हे ठेवायचं. आता आई कुकर लावतेय." क्रिकेटच्या सामन्याचं धावतं वर्णन करतात तसं मी माझ्या ओट्याचं वर्णन करायचे. पोराची पाठ माझ्याकडे. तो हॉलच्या सरकत्या खिडकीपाशी बसून काच इकडून तिकडे, तिकडून इकडे करत असायचा. संध्याकाळी नवरा घरी यायचा तोपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. तो बिचारा म्हणायचा, "तू आता जरा गप्प बस, मी बोलतो त्याच्याशी."

एवढं बोलायचा सल्ला माझ्या बाबांचा होता.

लग्नानंतर गिरगावातल्या एका खोलीत सगळे मावेनात म्हणून आम्ही दोघं मीरा रोडला राहायला आलो. मजल्यावर चार दारं आणि चार भाषा. दोन वर्षांचा झाला तरी मुलगा बोलेना, तेव्हा चारही दारांनी धीर दिला. समोरची म्हणाली, "भाभी, लड़के तो लेट ही बोलते हैं." मीही तेच स्वतःला सांगत होते. पण तो हाक मारली तरी वळत नसे. कुकरची शिट्टी झाली की कान गच्च दाबून किंचाळायचा आणि मी त्याच्या कानाशी जाऊन नाव घेतलं तर त्याला ऐकूच येत नसावं असा बसून राहायचा. बोट दाखवून काही मागायचं हे त्याला माहीतच नव्हतं. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठाकडे न्यायचा, जसं काही माझा हात हे एक भांडं आहे.

मग सासूबाई गिरगावातून येऊन राहिल्या आणि चौकशी सुरू झाली. पोटात असताना ग्रहणात विळीवर बसली होतीस का? नवव्या महिन्यापर्यंत ऑफिसला जायची काय गरज होती? दूध किती महिने पाजलंस? टीव्ही किती वेळ लावतेस? आणि सगळ्यात लाडका मुद्दा पाळणाघराचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बेनकडे मी मुलाला ठेवायचे, तिथे सगळी गुजराती बोलणारी. "घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, पाळणाघरात गुजराती," सासूबाई म्हणायच्या, "पोरानं तोंड उघडावं तरी कुठल्या भाषेत?" एका डॉक्टरांनीही याला मान डोलावली, तेव्हा तर सासूबाईंना वकीलपत्रच मिळालं. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे, एरवी 'अरे'. पण अहो असो की अरे, तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही, हे मी तेव्हाही सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

माझे आईबाबा भाईंदरला राहायचे. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचा शब्द आमच्याकडेच नाही, सासरीही चालायचा. एका रविवारी सासूबाईंनी त्यांच्यासमोर हे सगळं पुराण वाचलं. बाबा शांतपणे ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते काहीतरी बोलतील, माझी बाजू घेतील म्हणून. शेवटी ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलाला भाषा आईच्या तोंडून मिळते. तू नोकरी सोड. त्याच्याशी बोल. दिवसभर बोल. येईल वाचा."

विमा कंपनीत होते मी. खात्याची परीक्षा पास होऊन नुकतीच वरच्या जागेवर बसले होते, हाताखाली चार माणसं होती. ती नोकरी मला फार आवडायची. सासूबाई म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, पण बाबा म्हणाले म्हणून मी राजीनामा लिहिला.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती बाबांची धाकटी बहीण. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरात होती आणि बोलत नव्हती. ती अशी का, याचं एक वाक्य आमच्या घरात ठरलेलं होतं, आणि ते बाबाच सांगायचे: "लहानपणी ताप आला, डोक्यात गेला. उतरला तो वाचा घेऊनच उतरला." मुख्याध्यापकाच्या घरातलं वाक्य, त्यामुळे घोटीव. आल्यागेल्याने हळहळावं आणि पुढे काही विचारू नये असं. आम्ही बहिणींनी ते शाळेत मैत्रिणींना जसंच्या तसं ऐकवलं होतं.

आत्या वाळत घातलेल्या कपड्यांना रंगाप्रमाणे चिमटे लावायची, पिवळ्यांशेजारी निळा आला तर सगळे काढून पुन्हा. मिक्सर लागला की कान झाकून गॅलरीत जायची. भाताला आमटी लागलेली तिला चालत नसे. आम्ही तिला जन्मापासून बघत होतो, म्हणून आम्हाला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. माझ्या मुलाची नखं कापणं म्हणजे मारामारी असायची, मी आणि नवरा मिळून त्याला धरायचो. आत्याकडे मात्र तो स्वतःहून हात पुढे करायचा. ती एक नख कापायची, थांबायची, बाहेर बघायची, मग दुसरं. दोघंही एकमेकांकडे बघत नसत. मला वाटायचं, प्रेम आहे बाई दोघांचं.

तुम्ही म्हणाल, एवढं डोळ्यांसमोर होतं, तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. आत्याला ताप आला होता. माझ्या मुलाला कधी सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं. दोघांचा संबंध असेल कसा?

मुलगा चार वर्षांचा झाल्यावर 'ऑटिझम' हा शब्द आमच्या घरात आला. स्वमग्नता, असं कुणी वर्तमानपत्रात लिहायचं. पण शब्द मिळाला म्हणून आरोप गेला नाही. आता ती 'आईच्या हयगयीने झालेली स्वमग्नता' झाली, एवढंच. सातव्या वर्षी, थेरपीच्या बाईंनी सुचवलं म्हणून, आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, मी आणि मुलगाच होतो.

डॉक्टर बाई होत्या आणि त्यांना घाई नव्हती. मी बसल्या बसल्या सगळं कबूल करून टाकलं: ऑफिस, पाळणाघर, तीन भाषा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "यातल्या कशाने हे झालेलं नाही. याची सुरुवात पोटातच झालेली असते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, दोघींच्या मध्ये बारीक फट असते. एकीचा निरोप ती फट ओलांडून दुसरीकडे जातो. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. फटीचे दोन्ही काठ समोरासमोर धरून ठेवायला काही प्रथिनं लागतात, आणि ती कशी बनवायची हे जनुकांमध्ये लिहिलेलं असतं. त्या लिखाणात थोडा फरक पडला की कुठे जोड सैल बसतो, कुठे गरजेपेक्षा जास्त जोड होतात. लहानपणी मेंदू नको असलेले जोड छाटून टाकतो, तेही नीट होत नाही. "त्यामुळे तुमचा आवाज आणि कुकरची शिट्टी यांतलं कुठलं महत्त्वाचं, हे त्याला निवडता येत नाही. तो तुम्हाला टाळत नाहीये." मला आमच्या मीरा रोडच्या गच्च्या आठवल्या, एका इमारतीवरून दुसरीवर टाकलेल्या केबलच्या वायरी, एकीकडे जुडगा, एकीकडे लोंबणारी एकच. एवढं मला नीट कळलं.

"म्हणजे वारशाने येतं?" मी विचारलं.

"आजार येतो असं नका म्हणू. कल येतो. जमीन उताराची असते तसं. पाणी वाहीलच असं नाही."

मी त्यांच्या केबिनमध्ये रडले. लाज सोडून रडले. इतकी वर्षं मी ज्या खटल्यात उभी होते त्यात कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं, या बाईने काही केलेलं नाही.

त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "दोन्हीकडच्या घरात कुणी उशिरा बोललेलं, अजिबात न बोलणारं, कुणात न मिसळणारं आहे? तसं असेल तर दिशा मिळते."

मी म्हटलं, "माझी आत्या बोलत नाही. पण तिला लहानपणी ताप आला होता."

"तापाच्या आधी बोलत होत्या का?"

मला माहीत नव्हतं. विचारून फोन करते म्हटलं.

भाईंदरला गेले, बाबांना विचारलं. सगळं सांगून विचारलं, डॉक्टरांना कशासाठी हवंय तेही. बाबांनी चष्मा काढून पुसला. "बोलत होती का? अगं, पोपटासारखी बोलायची. संध्याकाळी माझ्याबरोबर परवचा म्हणायची. नऊचा पाढा चुकला की मीच टपली मारायचो." हसलेही. मी डॉक्टरांना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांना धरायचं कारण नाही."

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाला ठेवायला कुणी नव्हतं. मी बाबांना म्हटलं, मी येत नाही. तर तेच म्हणाले, "घेऊन ये त्याला. आपण काही लपवणारी माणसं नाही." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. चांगली माणसं वाटली. माझा लेक दाराशी बसून त्यांच्या चपला लहानमोठ्या क्रमाने लावत होता. आत्या खिडकीशी होती. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी. पाहुण्या मुलाच्या आईने हळूच आत्याकडे बघून विचारलं, "या?"

"माझी बहीण," बाबा म्हणाले. "लहानपणी ताप आला, डोक्यात गेला. उतरला तो वाचा घेऊनच उतरला."

बाई हळहळल्या. मग दाराकडे बघत म्हणाल्या, "आणि नातू?"

बाबा क्षणभरही थांबले नाहीत. "त्याचंही तसंच झालं बघा. सव्वा वर्षाचा असेल. ताप डोक्यात गेला. उतरला तो वाचा घेऊनच उतरला. दैव, दुसरं काय."

माझ्या मुलाला असा ताप कधीच आला नव्हता. हे मला जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, आणि बाबांनाही माहीत होतं. तरी ते वाक्य त्यांच्या तोंडून तसंच्या तसं आलं, त्याच उसाशासकट, त्याच मान हलवण्यासकट. माझ्या मुलासाठी ते वाक्य खोटं होतं. मग आत्यासाठी तरी ते खरं कशावरून? मी आत्याकडे बघितलं, मग दाराशी चपला लावणाऱ्या मुलाकडे. बहीण माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी हात जोडत होती. तिच्यासाठी मी ट्रे फिरवला आणि गप्प बसले.

पाहुणे खाली उतरून रिक्षात बसेपर्यंत मी दम धरला. मग दार लावलं.

"आत्याला कसला ताप आला होता?"

"विषमज्वर," बाबा म्हणाले.

"गोवर," त्याच वेळी आतून आई म्हणाली.

एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. आई बाहेर आली, तिने बाबांकडे बघितलं आणि पदराने हात पुसत राहिली.

मग बाबांनी सांगितलं. ताप नव्हताच. आत्या कधी बोललीच नव्हती. पोपट, परवचा, नऊचा पाढा, सगळं त्यांनी माझ्यासाठी, माझ्या तोंडावर, चष्मा पुसता पुसता रचलं होतं. तापाची गोष्ट आजीची. आत्याच्या वरच्या बहिणी लग्नाच्या झाल्या तेव्हा आजीने ती काढली. "तापाला कुणी नाकारत नाही," बाबा म्हणाले. "ताप कुणालाही येतो. जन्माचं आहे म्हटलं की रक्तावर येतं, सगळ्या घरावर येतं. पोरी घरात राहिल्या असत्या. तुझं लग्न झालं असतं?"

"लग्नाचं सोडा. मला का नाही सांगितलंत? तिथे बसून सासूबाई मला ग्रहण आणि विळी ऐकवत होत्या. तुम्ही ऐकत होतात. तुम्हाला माहीत होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू जावयांना सांगितलं असतंस."

"मग? तो तसा नाही."

बाबा पाण्याचे रिकामे पेले एकात एक घालू लागले.

"मी नोकरी सोडली, बाबा. तुम्ही सांगितलंत म्हणून सोडली."

"मला वाटलं, उपयोग झाला तर झाला," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "माझी आई तिच्याशी असंच बोलायची. दिवसभर बोलायची."

"आणि उपयोग झाला होता?"

खिडकीशी बसून आत्या पदराच्या टोकाला पीळ घालत होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते आणि माझ्याकडेही नाही. मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो सांगायला शब्द नाहीत. माझी दोन वर्षं, माझा घसा, माझी खुर्ची. आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे करून झालेलं आहे, त्याच्याच आईने करून झालेलं आहे, आणि त्यातून काही निघत नाही. सासूबाईंनी निदान मनापासून आरोप केले होते. बाबांनी मला निर्दोष माहीत असून शिक्षा सांगितली.

बहिणीला मी सगळं समजावून सांगितलं, सिनॅप्स, कल, उतार, सगळं. पुढे कुणाला काय सांगायचं ते तिचं तिने ठरवलं.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. खरं तर घाईने सांगितलं. बाबांना खोटं पाडायचं होतं मला. जावई कसा आहे हे त्यांना कळलंच नव्हतं, ते दाखवायचं होतं. तो शांतपणे ऐकत राहिला. म्हणाला, "डॉक्टरांना सांगायला हवं. मी रजा टाकतो, येतो तुझ्याबरोबर." ऐकून मला भरून आलं.

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी आत्याचं सगळं नीट विचारून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी अगदी सावकाश सांगितलं की एका आत्यावरून काही सिद्ध होत नाही. असा कल बहुतेक वेळा दोन्हीकडून थोडा थोडा येतो, कधी तर आईबापांत नसलेला बदल मुलातच नव्याने होतो. सध्याच्या तपासण्यांत सगळं सापडतही नाही. "आणि दोष कुणाचाच नसतो," त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली, थँक्यू म्हणाला.

लिफ्टला गर्दी होती म्हणून आम्ही जिन्याने निघालो. मुलगा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवूनच पुढे जातो, त्यामुळे मी त्याच्याबरोबर मागे राहिले. नवरा पुढे गेला. खालच्या वळणावर तो मोबाइलवर बोलत होता.

"हां आई, झालं. हो, विचारलं ना. नाही, नाही, आपल्याकडचं नाही. तिच्याकडचं निघालं. आत्या आहे ना तिची, ती." मग थोडं थांबून, हसून, "अगं हो, तेच सांगतोय. आपल्याकडचं नाही."

मला बघून त्याने फोन खिशात टाकला. त्याचा चेहरा इतका हलका झाला होता की मला आमच्या लग्नाच्या वेळचा तो आठवला. इतकी वर्षं त्याच्याही मनात हे ओझं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्याशी तो चांगला वागत होता तेव्हा तो निकालाची वाट बघत होता. त्याने मुलाचा दुसरा हात धरला आणि म्हणाला, "भूक लागली असेल ना तुला? समोर डोसा चांगला मिळतो." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. आपण काही बोललो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. आम्ही डोसा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी आधी नातवाची चौकशी केली.

"जावई काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "खूप समजून घेतलं त्याने."